दार लावण्याआधी

३ मार्च
जागा मिळाली! जुन्या बँकेची इमारत, अगदी कोपऱ्यावर, आणि भाडं झेपेल असं. आज मी आणि माझ्या नणंदेनं मिळून शिलाई मशिनं मांडली. ‘रोख’ लिहिलेल्या जाळीच्या खिडकीशी आता मापं घ्यायची आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचे. नणंद म्हणाली, मॅनेजरसाहेब असते तर लाजून पाणी पाणी झाले असते. आमच्या यांची नोकरी परगावी. जाताना दहादा बजावून गेले, तिला सांभाळ म्हणून. एकुलती एक बहीण ना! मी तिला मुद्दाम वन्सं म्हणते. ती चिडते, मला मजा येते.

६ मार्च
मालकीणबाई येऊन गेल्या. बँक हलल्यावर इथे वाचनालय होतं, मग एक्स-रेवाले डॉक्टर, मग टायपिंगचा क्लास. मागची स्ट्राँगरूम प्रत्येकानं वापरली. पुस्तकं, फिल्मा, मशिनं, आणि आता आमचे कापडाचे तागे. भिंती हातभर जाड, त्यामुळे ओल नाही की उंदीर नाही. फक्त बँकेचा एक नियम सगळ्यांनी पाळला, तो आम्हीही पाळायचा. पोलादी दार लावण्याआधी आत तोंड करून विचारायचं, “कोण आहे आत?” उत्तर आलं नाही तरच दार लावायचं. एकदा सुट्टीच्या आदल्या दिवशी एक कारकून कपाटामागे वाकलेला होता आणि विचारायचं राहून गेलं. आत हवा किती पुरणार? आम्ही गंभीर चेहऱ्यानं माना डोलावल्या. बाईंची पाठ वळताच हसून हसून पोट दुखलं.

१० मार्च
नियमाचा आम्ही खेळच करून टाकलाय. संध्याकाळी मी दारातून ओरडते, ही ताग्यांमागे लपून “मीच, वहिनी!” म्हणते आणि मग तिला ओढून बाहेर काढायचं. दिवसभर मान मोडून शिवल्यावर तेवढीच करमणूक. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय.

१७ मार्च
आज विचारलं. “मीच, वहिनी!” म्हणाली. पुरे झालं, बाहेर या, म्हणत मी आत गेले. ताग्यांमागे कोणी नव्हतं. तेवढ्यात रस्त्याकडचं दार वाजलं. नणंद बटणं घेऊन दुकानातून येत होती.
तिला सांगितलं, तर म्हणाली, वहिनी, तुम्ही जेवणाची वेळ टाळता, म्हणून असं होतं.

१९ मार्च
आता तिनंही ऐकलं. माझ्या शेजारी उभी होती, माझा दंड धरून. आतून तिचाच आवाज, तेच दोन शब्द. आत जे काही आहे, त्याला आम्हीच शिकवलं.
मालकीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. म्हणाल्या, आजवर त्यानं कधी उत्तर दिलं नव्हतं, कारण त्याला उत्तर कोणी सांगितलंच नव्हतं.
गणवेश दिले की जागा सोडायची. तोवर मी एकटी आत जाईन, तिनं पाय ठेवायचा नाही.

२१ मार्च
संध्याकाळी विचारलं. “मीच, वहिनी!” रोजचंच. संताप आला, दार ढकललं, किल्ली फिरवली. घरी जाऊ या म्हणून हाक मारली तर नणंद मशिनवर नव्हती. चपला तिथेच होत्या. कापड कमी पडलं म्हणून ती—
तशीच धावले. दार उघडलं. दारातच उभी होती, गार, गप्प. मिठी मारली, रडले, बाहेर ओढली आणि मागे दार घट्ट लावून किल्ली फिरवली. देवा, वाचली.

२२ मार्च, सकाळ
रात्रभर जागीच बसली होती. जेवली नाही. गणवेश आजच द्यायचेत, तिला घरी एकटी ठेववेना, म्हणून दुकानात आणलंय. पाणी हवं का विचारलं. म्हणाली, “मीच, वहिनी.” कुठे दुखतंय विचारलं. “मीच, वहिनी.” दादाला बोलावू का—
तेच. तेवढंच. तिला दुसरं काही येत नाही.

आतून ठोके पडताहेत.
किल्लीच्या भोकाला कान लावला. वहिनी, उघडा. कापड घ्यायला आले होते. श्वास घेता येत नाही. काल तुम्ही दार उघडलंत, मी मागे ताग्यांपाशी होते, मी हाक—

किल्ली टेबलावर नाही. हिच्या मुठीत आहे. मूठ सुटत नाही. चावले तरी सुटत नाही. हसते फक्त.

कुलूपवाला निघालाय. लिहीत राहते, नाहीतर वेड लागेल—
ठोके थांबले.
दाराशी जाऊन विचारलं, कोण आहे आत?
उत्तर नाही.
पुन्हा विचारलं. पुन्हा. अगं, बोल ना गं—
उत्तर आलं नाही म्हणजे आत कोणी