उजवा हात, डावा हात

झितोमिर,
१४ मार्च २०१९, गुरुवार

प्रिय आल्बिना,

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. "मार्तुसा, बसलीयेस ना? उभी असलीस तर आधी बस," म्हणत तू बातमी दिलीस: फेब्रुवारीत तुम्ही तपासलेला माझा पाठ आता सगळ्या जिल्ह्याच्या शिक्षकांपुढे दाखवायचा, चार एप्रिलला. तोच वर्ग, तीच मुलं, तीच वाक्यं. मी "हो" म्हटलं. "छान" असंही म्हटलं. फोन ठेवला आणि कुणाच्या तरी वहीवर लाल पेनाची आडवी रेघ ओढली. तो राग होता हे कळायला मला घरी पोचावं लागलं. तू मला ओळखतेस; मला राग उशिरा कळतो, आणि कळल्यावर तो खरा आहे का, हे मी तपासत बसते. तपासला. खरा आहे. त्यातला बराचसा तुझ्यावरचा आहे. उरलेला कुणावरचा आहे तेही सांगेन, पण ओळीने सांगू दे.

आठवी-ब मधली युस्तिना मेल्निचुक शाळा सोडून चालली आहे. तिच्या वडिलांचा अर्ज मुख्याध्यापिकेच्या टेबलावर आहे आणि सोमवारी त्यावर सही होणार आहे. तुला हे नाव आठवणार नाही. आठवायला हवं. तू ते एकदा माझ्या खोलीत बसून उच्चारलं आहेस.

तुला वसतिगृहाचं स्वयंपाकघर आठवतं का? चौथ्या मजल्यावर, चौदा मुलींमध्ये एक शेगडी. भांडणं मिटावीत म्हणून तू भिंतीवर इंग्रजीत नियम लिहून चिकटवले होतेस. तवा वापरलास तर घासलाच पाहिजे. मार्ताचा मुरंबा खाल्ला तरी चालेल. आल्बिनाच्या मुरंब्याला हात लावायचा नाही. मस्ट, मे, मस्ट नॉट ही सगळी मंडळी मी पुस्तकातून नाही, त्या कागदावरून शिकले. आजही शिकवताना तोच कागद डोळ्यांपुढे असतो. आपल्या मुलांचं कुठे अडतं हे आपल्याला माहीत आहे: मस्टच्या पुढे उगाच एक 'टू' चिकटवतात, आणि 'केलंच पाहिजे असं नाही' म्हणायचं असतं तिथे 'करायचं नाही' म्हणून मोकळी होतात, कारण घरी बोलतात तसंच डोक्यात येतं. यावर उपाय एकच. पोरांना स्वतःच्या घराबद्दल बोलायला लावायचं. हे तू मला शिकवलंस. तू, जिने आता मला पाठ टाचणात मुलांची उत्तरंसुद्धा लिहून द्यायला लावली.

तीन आठवडे आम्ही तालीम केली, आल्बिना. भाषेचा तास नव्हता तो, नाटकाची तालीम होती. सव्वीस चिठ्ठ्या, सव्वीस वाक्यं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे मागे बसलेल्या पाहुण्यांना हातांचं जंगल दिसतं आणि बाईंना बरोबर कळतं कुणाला उठवायचं. हे सगळीकडे चालतं, मला माहीत आहे. आपण शाळेत होतो तेव्हा आपल्याकडूनही हेच करवून घेतलं होतं. पण पहिल्या तालमीच्या दिवशी युस्तिनाने डावा हात वर केला, मग खाली घेतला, मग उजवा केला, मग विचारलं, "मार्ता योसिपिव्ना, अर्धं येत असेल तर?" वर्ग खो खो हसला. मीही हसले.

ती मंद नाही. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तिला वेळ लागतो, कारण तोंड उघडण्याआधी ती विचार करते की हे वाक्य कोण म्हणतंय. माणूस स्वतः म्हणतोय की मला हे केलं पाहिजे, की वरून कुणीतरी त्याच्यावर टाकलंय? पहिल्याला मस्ट, दुसऱ्याला हॅव टू. असं मीच शिकवलं होतं, आणि सव्वीस जणांत ते फक्त तिनेच मनावर घेतलं. तुझं उत्तर असं होतं: "अगं, परीक्षेत चौकटीत खूण करायची असते, तत्त्वज्ञान नाही लिहायचं." वर हसून म्हणालीस, "त्या मेल्निचुकला त्या दिवशी घरी ठेव. एक पोर अडखळलं की आख्खा पाठ कोसळतो. तू काही संत नाहीस बाई, तू बढतीच्या श्रेणीसाठी बसलेली शिक्षिका आहेस." 'घरी ठेव' की 'घरी राहिली तर बरं' याबद्दल माझ्या मनात शंका होती, म्हणून मी रोजनिशी काढून पाहिली. बारा फेब्रुवारी. 'घरी ठेव' असंच लिहिलंय. तुझं नसलेलं ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही. पण असलेलं उचलणारही नाही.

मला राग याचा येतो की हे तू नापोलियन केकचा तुकडा काट्याने मोडता मोडता म्हणालीस. चौथ्या वर्षाच्या सरावपाठाला तू फळ्यापुढे दगडासारखी उभी राहिली होतीस, ते विसरलीस? खडू हातात, तोंडातून शब्द नाही, मागे तपासनीस. तुला तेव्हा कुणी 'आजारी पड' म्हणून सांगितलं नव्हतं. आख्खं मिनिट सगळे थांबले होते. त्या मिनिटावर तुझी ही पंचवीस वर्षं उभी आहेत.

एकोणीस तारखेला, पाठाच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासानंतर मी युस्तिनाला थांबवलं. फळा पुसत होते, तो आधीच स्वच्छ होता. तिच्याकडे न बघता म्हटलं, "तुला खोकला झालाय का गं? उद्या नाही आलीस तरी चालेल." ती म्हणाली, "खोकला नाहीये." मग, तिच्या नेहमीच्या गतीने, "मी आले तर तुम्हाला त्रास होईल का?" मी तेरा वर्षांच्या मुलीला उत्तर दिलं, "अगं, तसं नाही, पण आराम कर." 'तसं नाही, पण.' शब्द निवडायला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

आता तो दिवस. मुलं भरतकामाचे सदरे घालून आली होती, तू दुसऱ्या तीन तपासनिसांबरोबर मागच्या बाकावर. सगळं घड्याळासारखं झालं. उजवे हात, डावे हात. मग शेवटी तू ठरल्याप्रमाणे आदल्या दिवशी गोळा केलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे गेलीस, मधली एक उचललीस, उघडलीस आणि तुझा चेहरा बदलला. तू मोठ्याने वाचलंस. 'माझे बाबा पहाटे चारला उठतात, त्यांना उठावंच लागतं. मी उठलंच पाहिजे असं नाही. पण मी उठते, कारण मला चहा करता येतो. ते म्हणतात, तू झोपायला हवं होतंस. मग ते दोन कप पितात.' तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "बायांनो, याला म्हणतात शिकवणं. ही कुणाची? उभी राहा बरं, बघू दे तुला."

कुणीच उभं राहिलं नाही. सव्वीसच्या जागी पंचवीस पोरं, आणि पंचवीसही माझ्याकडे बघत होती. त्यांना माहीत होतं. ट्रॉलीबस चालवणारा बाप आमच्या वर्गात एकच आहे. कुणीतरी मागून पुटपुटलं, "ती आजारी आहे ना," आणि दुसरा फिसकन हसला. तू कव्हरवरचं नाव बघायला वही उलटू लागलीस, आणि मला वाटलं, आता ही ते नाव वाचणार, या तिघींसमोर. मी पुढे झाले, तुझ्या हातातून वही घेतली आणि म्हटलं, "सेवेरीनाची." पहिल्या बाकावरची सेवेरीना माझ्याकडे बघत उठली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तुम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या.

तर हे आहे, आल्बिना. घरी ठेव म्हणणारी तू होतीस. तिची वही दुसरीला देणारी मी. तुला हे आज पहिल्यांदा कळतंय. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत लिहिलंय: 'पाठ चांगला झाला. युस्तिना नव्हती.' नव्हती! जणू ती आपल्या पायांनी कुठे तरी निघून गेली होती. वीस वर्षं मी रोज लिहिते, स्वतःशी खोटं बोलायचं नाही म्हणून, आणि त्या दिवशी एका शब्दात ते करून ठेवलं.

पाच मार्चला तिचे वडील आले. डेपोचं जाकीट, टोपी हातात. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "मार्ता योसिपिव्ना, ती आजारी नव्हती. सकाळी मी तिच्या सदऱ्याला इस्त्री केली होती. ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली." मग म्हणाले, "मुलांनी तिला फोनवर सगळं पाठवलं. टाळ्यांचंसुद्धा. आता ती विचारते, बाबा, मी लिहिलं ते चांगलं होतं, मग मी का चांगली नव्हते? मला इंग्रजी येत नाही हो. तुम्ही सांगा, मी काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, मी येऊन तिची माफी मागते. ते टोपी घालत म्हणाले, "माफी घरात मागाल. पण तिला लपवलंत ते लोकांसमोर." तेवढं बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज आला. तेव्हापासून ती वर्गात आलेली नाही.

आणि मी? आठ दिवस गप्प बसले. श्रेणी हातात येत होती. स्वतःला सांगत होते की मुलं विसरतात, दुसरी शाळा तिच्या घराजवळ आहे, तिथे कदाचित बरं होईल. मग काल तुझा फोन. तू म्हणालीस, "आणि ऐक, ती सेवेरीनाची वही नक्की ठेव हं, पाहुण्यांसाठी तीच उघडू. आणि ती दुसरी, अडखळणारी, तिचं बघशील ना आधीसारखं?" आवाजात एवढा जिव्हाळा, जणू मला लोणच्याची बरणी आणायला सांगतेयस. वही हवी, पोरगी नको. हे तू नकळत म्हणालीस, मान्य. पण तुला कळावं अशी वेळ मी येऊच दिली नाही, आणि तुलाही ती कधी हवी नव्हती. तू इतक्या पाठांना बसतेस. एवढ्या वर्षांत कुठल्याच वर्गात एकही पोर अडखळत नाही, याचं तुला एकदाही नवल वाटलं नाही?

आज सकाळी आठ वाजता मी श्रेणी समितीकडे लेखी निवेदन दिलं. एक प्रत सोबत जोडली आहे. पाठ तीन आठवडे बसवलेला होता, हातांची युक्ती काय होती, मुलीला मी घरी बसवलं, कुणाच्या सल्ल्याने, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत. वही कुणाची आणि मी नाव कुणाचं घेतलं. श्रेणीसाठीचा अर्ज मागे घेतला आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मार्ता, विचार केलास ना? आल्बिना तुझी मैत्रीण आहे." मी म्हटलं, म्हणूनच उशीर झाला. मग तिसऱ्या तासाला आठवी-ब समोर मी तेच सगळं आपल्या भाषेत सांगितलं. सेवेरीना रडली, आणि नाक पुसत म्हणाली, "मला तर चहासुद्धा करता येत नाही." कुणी हसलं नाही. दुपारी मी निवेदनाची प्रत मेल्निचुकांच्या घरी नेऊन दिली. दार युस्तिनानेच उघडलं. उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली, तिच्या गतीने, मी जिन्यात थांबले. अर्ज मागे घेणार का, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिने एकच विचारलं: "त्या बाईंना माहीत आहे?" म्हणून हे पत्र. आता तुला माहीत आहे. सोमवारी समिती तुला बोलावेल. तू माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हण: मी घाबरट आहे, खोटारडी आहे, तुझा शब्द मी फिरवला. म्हण. पण ती मुलगी त्या दिवशी आजारी होती, असं तेवढं म्हणू नकोस.

तुझीच (हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहे),
मार्ता