रसेल इथे राहत नाही

राईशॉ,
१२ ऑक्टोबर २०१०

प्रिय बेरिल,

स. न. वि. वि. आणि या खेपेला विशेष इतकं आहे की नमस्कार आटोपशीरच घे.

तुझ्या गुडघ्याचं विचारायला बसणार, तोच कौन्सिलचं पाकीट आलं. म्हणे आमचा रसेल गेली दोन वर्षं माझ्या घरी राहतोय, कमावतोय, आणि मी ते लपवून ठेवलं. एकट्या विधवेचं घर म्हणून घरपट्टीत मिळालेली मदत आणि सवलत जास्तीची झाली, तेव्हा नऊशे चाळीस पौंड परत करा. मी लपवलं! अगं, माझ्या अर्नीच्या दफनाच्या आदल्या दिवशी अंडीवाल्याची उधारी चुकती करून आलेली बाई मी.

रसेल बोटीवर राहतो हे सगळ्या राईशॉला ठाऊक आहे, कौन्सिल सोडून. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमच्या चिरंजीवांचं पाण्यावर. कोळसा आणि गॅसच्या टाक्या भरायच्या नि कालव्याकाठी विकत फिरायचं. कायमच्या धक्क्याचं भाडं परवडत नाही, म्हणून परवाना फिरत्या बोटीचा. पंधरवडा झाला की बोट पुढे हलली पाहिजे. मग बँकेला, डॉक्टरला, मतदारयादीला पत्ता कुठला द्यायचा? कालव्यावरचे सगळेच आईचा पत्ता देतात. आई नसेल तर बहिणीचा. त्या यादीवरूनच मला धरलंय.

फोन केला तर पलीकडे एक कोवळी मुलगी. मुलगा तुमच्याकडे नाही तर कुठे राहतो, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कालव्यावर. तिने घर नंबर विचारला. मी म्हटलं, पोरी, ते पाणी आहे. त्यावर ती म्हणाली की नंबर टाकल्याशिवाय तिचा कॉम्प्युटर पुढे जात नाही.

घोळ माझाच आहे. गेल्या महिन्यात कौन्सिलचे एंटविसल नावाचे एक साहेब घरी येऊन गेले होते. मला वाटलं नेहमीची तपासणी. चहा दिला, आल्याची बिस्किटं दिली. वरची मागची खोली कोणाची, असं त्यांनी विचारलं, तर मी मोठ्या कौतुकाने दार उघडून सांगितलं की आमच्या रसेलची. पलंगावर धुतलेली चादर, खुंटीला इस्त्रीचे शर्ट, उशाशी गरम पाण्याची पिशवी. तो येतो फक्त रविवारी. अंघोळ करतो, भाजलेलं मटण आणि बटाटे जेवतो, धुणं घेतो नि जातो. पण साहेबांनी खोली तेवढी लिहून नेली.

आणि ज्याच्यापायी हे सगळं, तो गिऱ्हाइकांना बिनधुराचा कोळसा विकतो आणि आईच्या शेगडीला धूर ओकणारा भंगार माल आणून टाकतो. पाणीही त्याच शेगडीवर तापतं, म्हणजे बाराही महिने पेटवावी लागते. पडदे बघशील तर रडशील.

काय करू ते सांग. उलट टपाली सांग.

तुझ्या लोभाची नेहमीपेक्षा जास्त गरज असलेली,
नोरीन


लॅनडिडनो,
१७ ऑक्टोबर २०१०

प्रिय नोरीन,

सप्रेम नमस्कार, आणि कान जरा इकडे कर.

गुडघा आहे तसाच आहे. तुझं पत्र वाचून डोकंही दुखायला लागलं. चौकशीला आलेल्या साहेबाला बोट धरून पोराची खोली दाखवणारी बाई या देशात तू एकटीच असशील. पस्तिशीला टेकलेल्या घोड्याच्या उशाशी गरम पाण्याची पिशवी ठेवल्यावर कौन्सिलने काय समजायचं? तो माणूसही आईचाच मुलगा असणार.

पैसे भरू नकोस. एक हप्ता भरलास की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. निर्णय मान्य नाही असं महिन्याच्या आत लेखी कळव. ऐकलं नाही तर लवादापुढे जा. बोट कधी कुठे बांधलेली असते ते रसेलकडून लिहून घे. ती खोली रिकामी कर. आणि त्याच्या नावाने येणाऱ्या पाकिटांवर सगळं जग लिहितं तसं लिही, की इथे राहत नाही, परत पाठवा, आणि दे पेटीत टाकून. एका ओळीचं काम आहे.

तुझ्याच्याने ते होणार नाही, हेही मला माहीत आहे. अर्नी गेला त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत तू न्यूमोनियाने पडलीस, दोन दिवस थंड घरात एकटी, कुणाला पत्ता नाही. रसेल लीड्सहून सहज म्हणून आला म्हणून वाचलीस. त्यानंतर त्याने तिथली चांगली नोकरी सोडली आणि ती बोट घेतली. तेव्हापासून तुम्ही मायलेक एकमेकांना असे जपता की बघणाऱ्याला चीड यावी.

त्याचं लग्न व्हावं असं खरंच वाटत असेल, तर आधी त्याचं धुणं बंद कर.

थोरल्या बहिणीचा धाक आणि माया दोन्ही जवळ ठेव.
बेरिल


राईशॉ,
२८ नोव्हेंबर २०१०

प्रिय बेरिल,

नमस्कार. धाक पोचला, मायेचं पुढच्या खेपेला बघू.

निर्णय मान्य नाही म्हणून लिहिलं, तर उत्तर आलं की त्यांना माझं अमान्य करणं अमान्य आहे. म्हणून लवादाकडे अर्ज केला. मार्चमध्ये तारीख आहे. लिहून घ्यायला रसेल सापडेना, नेमके दोन रविवार आलाच नाही. फोन असतो, पण चार्ज करायची पद्धत नाही. शेवटी काठाकाठाने चिखल तुडवत गेले, तर स्वारी टॅनरी पुलाखाली बोटीच्या टपावर बसून कांदे सोलत होती.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, आई, भरून टाक, आठवड्याला थोडे थोडे मी देत जाईन. मी म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही, नावाचा आहे. त्या पत्रात लिहिलंय की मी जाणूनबुजून खोटं बोलले. या गावात मी चाळीस वर्षं मान वर करून चालले. मग त्याने हळूच जे सांगितलं ते ऐकून मी तिथेच एका कोळशाच्या पोत्यावर बसले.

अगं, तो कुठे जातच नाही! फिरत्या परवान्यावर नुसती बोट हलवून भागत नाही, खरोखर प्रवास करावा लागतो. हा पठ्ठ्या दोन वर्षं राईशॉच्याच तीन पुलांमध्ये, खुंटीला बांधलेल्या शेळीसारखा, पुढे मागे करतोय. कालव्याच्या खात्याच्या अजून लक्षात आलं नाही. लवादापुढे तो कुठे राहतो हे सिद्ध केलं, तर तेच कागद त्या खात्याच्या हाती लागतील, परवाना जाईल, आणि परवाना गेला की बोट गेली. म्हणजे मी खरं बोलले तर पोराचं छप्पर जातं, आणि गप्प बसले तर मी चोर. इकडे आड, तिकडे विहीर.

मी विचारलं की एवढा लांब कालवा पडलाय, मग याच तीन पुलांचं काय वेड? तर हा शेगडीची राख काढायला लागला. अगदी बापावर गेलाय.

पाकिटांचं म्हणशील तर पेन घेऊन बसले होते. एकावर तुझी ती ओळ लिहायला घेतली आणि नाही जमलं. माझ्या हाताने माझ्याच मुलाला कसं बाहेर काढू?

तूच आहेस ओरडायला, म्हणून तुझीच,
नोरीन


राईशॉ,
२१ डिसेंबर २०१०

प्रिय बेरिल,

नाताळाच्या शुभेच्छा कार्डावर लिहिल्या आहेत, इथे फक्त संताप लिहिते.

कालवा पार गोठलाय. रसेलची बोट बर्फात अडकली आहे, आतून खिडक्यांवर बर्फ चढलाय. आणि सल्ला केंद्रातल्या बाईंनी मला बजावलंय की सुनावणी होईपर्यंत मुलाला एक रात्रसुद्धा घरी झोपू देऊ नका, नाहीतर दावा गेलाच म्हणून समजा. म्हणून रोज मीच मटण-बटाट्याचं भांडं टॉवेलात गुंडाळून घसरत घसरत तिकडे नेते. गरम पाण्याची पिशवीही नेऊन दिली. काल तो घरी आला होता. बोटं सुजून लाल झालेली. स्वयंपाकघरात उभा राहिला, बुटांखाली पाण्याचं थारोळं झालं, आणि मी माझ्या तोंडाने त्याला सांगितलं की आता जा. वर त्याचा पलंग रिकामा आणि पोर बर्फात! मला आजवर कुणाचा इतका राग आला नव्हता.

जाताना तो एवढंच म्हणाला की सकाळी शेगडी वेळेवर पेटवत जा. म्हणजे गारठणार तो आणि काळजी माझ्या शेगडीची.

चिडलेली, पण तुझीच,
नोरीन


लॅनडिडनो,
२४ डिसेंबर २०१०

प्रिय नोरीन,

नमस्कार बिमस्कार नंतर. हे पत्र मिळताक्षणी त्या पोराला घरात घे. कौन्सिल गेलं खड्ड्यात. हरलीस तर पैसे मी भरीन, आणि तुला कुणी चोर म्हणालं तर मी गुडघ्यासकट तिथे येईन.

मी आधी जे जे लिहिलं ते ते सगळं बरोबर होतं, पण या थंडीत नाही.

बेरिल


राईशॉ,
१८ मार्च २०११

प्रिय बेरिल,

स. न. वि. वि. खुर्चीत नीट बसून वाच.

नाताळात तुझं ऐकून त्याला घरात घ्यायला गेले होते, पण तोच आला नाही. माझा दावा बुडवणार नाही म्हणाला. त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं होतं, तुलाही बोलले नाही, की लवादापुढे जाऊन सांगायचं, म्हातारी आहे, चुकले, पैसे भरते. चोर तर चोर. पोराची बोट तरी राहील.

काल तिथे गेले तर दारात रसेल उभा, अर्नीचा काळा कोट घालून, बाह्या आखूड. मी काही बोलायच्या आतच तो न्यायाधीशबाईंपुढे जाऊन बसला आणि सगळं ओकला. तीन पूल, दोन वर्षं, एकही खरा प्रवास नाही. एंटविसलांनी विचारलं, आणि रास्त विचारलं, की आईच्या एवढ्या जवळच राहायचं होतं तर सरळ घरीच का राहिला नाहीत? रसेल म्हणाला की घरी राहिलो असतो तर आई दिवसभर माझंच करत बसली असती, स्वतःसाठी उठलीच नसती.

मग त्याने ते पूल का, ते सांगितलं. आपलं घर चढावर. त्या तिन्ही पुलांपासून आपलं धुराडं दिसतं, बेरिल. रोज सकाळी हा चहाचा मग घेऊन टपावर उभा राहतो. धूर निघाला की मी उठले. मगच इंजिन चालू करायचं. तो भंगार कोळसा त्यासाठी होता! बिनधुराच्या कोळशाने काय दिसणार?

बाईंनी विचारलं, धूर दिसला नाही असं कधी झालं का? तो म्हणाला, दोनदा. दोन्ही वेळा पहार घेऊन चढ पळत आला. दोन्ही वेळा मी तुझ्याकडे आले होते आणि त्याला सांगायला विसरले होते. मागच्या दाराची काच वाऱ्याने फुटली असं मी तुला लिहिलं होतं, आठवतं? तो वारा माझ्या पोटचा होता.

एंटविसलांनी चष्मा पुसला आणि मला आणखी काही विचारायचं नाही म्हणाले. बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला की मुलगा कालव्यावर राहतो, एक पैसाही देणं लागत नाही, आणि आईने काही लपवलेलं नाही. ते शेवटचं वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

बाहेर आल्यावर मी त्याला पर्सने मारलं. दोन वर्षं आयुष्य वाया घालवलंस, म्हटलं, माझ्या धुराकडे बघत. मग रडले. तोही रडला. आता परवान्याचं काय होतं ते बघायचं.

हलकी झालेली, डोळे सुजलेली,
नोरीन


गारग्रेव्ह,
३० एप्रिल २०११

प्रिय आई,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

खात्याचं पत्र तू वाचलंसच. खरोखर प्रवास करा, नाहीतर परवाना रद्द. म्हणून निघालो. डोंगर ओलांडला, बोट चढवणारे-उतरवणारे पाणदरवाजे मोजायचं सोडून दिलं. इथे मेंढ्या आहेत आणि कोळसा चांगला खपतो. धुणं लाँड्रीत टाकलं होतं, सगळे शर्ट गुलाबी झाले. लाँड्रीवाली खूप हसली. उद्या तिच्याकडेच चहाला जातोय.

इथून काही दिसत नाही, आई. पहिल्या सकाळी सवयीने टपावर चढलो आणि कुठे बघायचं तेच कळेना. फोन आता चार्ज करतो. टपालासाठी एका दुकानाचा पत्ता घेतलाय, तो मागे लिहिलाय.

तुझा,
रसेल


राईशॉ,
२१ मे २०११

प्रिय बेरिल,

स. न. वि. वि. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं हे बरं झालं. मी येते, आणि या खेपेला रसेलला आधी सांगून येते.

खोली रिकामी केली. पलंग चर्चच्या विक्रीला दिला. तिथे शिवणयंत्र ठेवलंय आणि नवे पडदे शिवतेय, कारण कोळसा आता बिनधुराचा आणते. सकाळी शेगडी पेटली की त्याला फोन लावते, तीन घंटा होऊ देते आणि ठेवते. तो उचलत नाही, पैसेही पडत नाहीत. थोड्या वेळाने त्याच्या तीन घंटा येतात. मग मी चहा घेते.

काल पुन्हा त्याच्या नावाने टपाल आलं. वरचं पाकीट कौन्सिलचंच होतं, मतदारयादीचं. पेन घेतलं. मग तुझी ती ओळ लिहिली, इथे राहत नाही, परत पाठवा. डोळ्यांत पाणी आलं, पण अक्षर सरळ आलं. एकदा जमलं म्हटल्यावर दुसऱ्यावर लिहिलं, तिसऱ्यावर लिहिलं, आणि धीर आहे तोवर पेटीत टाकून आले. घराच्या दाराशी पोचले तेव्हा डोक्यात आलं की तिसरं पाकीट जांभळं होतं आणि अक्षर तुझं होतं.

तर त्याच्या वाढदिवसाचं कार्ड तुझ्याकडे परत येईल. रागावू नकोस, आतली नोट काढून घेऊ नकोस, आणि खाली त्याचा पत्ता देतेय त्यावर धाड.

कौन्सिलच्या लेखी आणि खरोखरही, या घरात एकटी राहणारी,
तुझी नोरीन