समासातलं ‘राहू द्या’

प्रिय मास्तर,

प्रकाशक बाईंकडून तुझ्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं येऊन आठ दिवस झाले. एकशे अकरा पानं तपासून झाली आहेत. एकशे बाराव्या पानावर तू टाचणीने चिठ्ठी लावून दिली आहेस, तिथे येऊन मी थांबलो आहे. ‘मूळ शब्द घे. तुझी डुलकी पुसून टाकू, लोकांचं हसणं एकदाचं बंद होऊ दे.’ एवढंच लिहिलं आहेस. तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी फळ्यावर लिहिल्यासारखंच लिहितोस, शेवटच्या बाकावरून दिसेल असं.

उशीर होतो आहे हे मला कळतं. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, काना, दीर्घ किती वेळ धरायचा यालाही काही मर्यादा असते. त्या एरवी अशी थट्टा करत नाहीत. ही गेल्यानंतर माझ्याशी कसं बोलावं ते कुणालाच समजत नाही, म्हणून कुणी थट्टा करतं, कुणी आवाज खाली घेतं. तू दोन्ही केलं नाहीस. त्या महिन्यात तू रोज दुपारी येऊन खिडकीपाशी बसायचास, पेपर वाचायचास आणि चहाची कपबशी विसळून ठेवून जायचास. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. समोर म्हणणं मला जमत नाही. आता कागदावर म्हणतो. तू येत होतास म्हणून मी दुपारी अंघोळ करून, दाढी करून बसलेला असायचो. नाहीतर केली नसती.

सध्या काम हळू होतं त्याला दुसरंही कारण आहे. आता वाचून दाखवायला कोणी नाही. तुला आमची पद्धत माहीत आहे. समोर छापलेलं मुद्रित घेऊन मी बसायचो आणि तुझी वहिनी हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाचायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं एका सुरात. ऐकेल त्याला वाटायचं या घरात जप चालला आहे. तू पहिल्यांदा आलास तेव्हा दारातच थबकला होतास. नंतर तूच सगळीकडे सांगत फिरलास की कानाची बायको नवऱ्याला रागवतानासुद्धा स्वल्पविराम उच्चारते. तिला ते आवडलं होतं. आता मी दोन्ही कामं एकटाच करतो. एक वाक्य हस्तलिखितातून मोठ्याने वाचतो, मग तेच मुद्रितात बघतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी काल विचारलं, पाहुणे आलेत का. मी हो म्हणालो.

तुझ्या कादंबरीतलं मला विशेष कळत नाही, हे तू जाणतोस. चांगली की वाईट ते मी कधी सांगितलं नाही, तूही कधी विचारलं नाहीस. मला काना, मात्रा, वेलांटी कळते. माझं नावही त्यावरूनच पडलं, आणि छापखान्यातले लोक ते मुद्दाम ‘ण’ने लिहायचे. पण एकशे बारावं पान मला पाठ आहे. म्हातारी जाते, मुलगा खोलीत येतो, आणि तू हस्तलिखितात लिहिलं आहेस, ‘कोपऱ्यातला दिवा मालवला होता.’ पुस्तकात गेली चोवीस वर्षं ‘मावळला होता’ असं छापलेलं आहे. सूर्य मावळतो, दिवा मालवतो. तू वर्गात मुलांना हे शिकवलं असशील.

पहिली प्रत हातात आल्यावर तू फोन केला होतास. मला वाटलं आता संपलं. तू म्हणालास, काना, माझा दिवा मावळला रे, पण वाईट नाही दिसत, असू दे. नंतर त्याचा विषय काढला नाहीस. मी मात्र पुढची कित्येक वर्षं कुणाच्या घरी तुझं पुस्तक दिसलं की त्या पानाच्या जागी बोट घालून बघायचो. जसा काही एखाद्या प्रतीत तो शब्द आपणहून सुधारला असता.

मग टीव्हीवर ती मालिका आली. आमच्याकडे ती हीच बघायची, मी पेपर वाचत बसलेला असायचो. तिसऱ्या की चौथ्या भागात म्हातारी गेली, मुलगा खोलीत आला आणि म्हणाला, दिवा मावळला होता. हिने आवाज बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, अहो, हे आपलं आहे. मी लगेच तुला फोन लावला. तू विश्वास ठेवायला तयार नव्हतास. जगात काय मी एकटाच दिवे घालवतो का, म्हणालास. मग पुढचे चार भाग तू बघितलेस आणि पाचव्या दिवशी सकाळी पुस्तक बगलेत मारून बाईंच्या केबिनमध्ये जाऊन बसलास.

खटल्याच्या त्या तीन वर्षांत काय काय झालं ते तुला सांगायला नको. मालिकेची कंपनी म्हणाली, आमच्या लेखकाने तुमचं पुस्तक पाहिलेलंसुद्धा नाही. म्हातारी मरते, मुलगा येतो, हे कुठेही घडतं. वर्तमानपत्रं दोन्हीकडून लिहायला लागली. मालिकेतल्या त्या नटीचे चाहते तुझ्या घरी फोन करून शिव्या द्यायचे आणि तू त्यांची वाक्यं दुरुस्त करायचास. टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी म्हणालं, निवृत्त मास्तरांना म्हातारपणी प्रसिद्धीची हौस आली आहे. त्या दिवशी तू हसला नाहीस. कंपनीने मध्येच समेटाचं बोलणं काढलं, ‘एका कादंबरीवरून प्रेरित’ अशी ओळ टाकतो म्हणून. बाईंनी चष्मा काढून त्यांच्या वकिलाकडे बघितलं आणि विचारलं, ‘एका’ हे काय पुस्तकाचं नाव आहे? तुला हवं होतं ते तुझं नाव, बस. पुस्तकाच्या पाठीवर असतं तसं, पडद्यावर. दुसरं तू काही मागितलं नाहीस, हे मी तिथे बसून ऐकलं आहे.

बाई काही टाकून देत नाहीत म्हणून आपण त्यांना किती हसलो. पण गोदामातल्या सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांतून तुझ्या पुस्तकाची पहिली मुद्रितं निघाली. एकशे बारावं पान त्यांनीच उघडलं. जुळाऱ्याने खिळे बरोबर लावले होते, ‘मालवला’. त्यातलं ‘लव’ खोडून समासात ‘वळ’ लिहिलेलं होतं, निळ्या पेन्सिलीने, माझ्या अक्षरात. आपला वकील खुर्चीतून उठलाच. म्हणाला, कल्पना दोघांना एकच सुचू शकते, चूक कशी सुचेल? हा शब्द या समासात जन्मला, त्याआधी या गोष्टीत तो नव्हता. ज्याने घेतला त्याने छापलेल्या पुस्तकातूनच घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, काका, तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल.

मी उभा राहिलो. कंपनीचा वकील तरुण होता, सभ्य होता. त्याने ते पान माझ्यापुढे धरून विचारलं, म्हणजे बरोबर होतं ते तुम्ही चुकीचं केलंत. तुमच्याकडे याला मुद्रितशोधन म्हणतात का? सगळे हसले. न्यायाधीशांच्या टंकलेखिकेलाही हसू आवरेना. त्याने पुढे विचारलं, का केलंत? तेव्हा मी म्हणालो, डुलकी लागली असेल. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा, ‘डुलकीने पकडली चोरी’. नाक्यावर चहा प्यायला गेलो की लोक विचारायचे, काय काना, झोप झाली का? तू मात्र बातमीदारांना सांगितलंस की चाळीस वर्षांत ज्या माणसाने कुणाची एक वेलांटी सुटू दिली नाही त्याला हसू नका. ते वाक्य हिने कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. अजून आहे. त्याबद्दलही तुझे आभार मानायचे राहिले होते.

आणि निकालाच्या दिवसाबद्दल. तेव्हा ही इस्पितळात होती, दिसणं जवळजवळ गेलं होतं. तू कोर्टातून घरी न जाता थेट तिकडे आलास, शर्ट घामाने भिजलेला. खुर्ची ओढून तिच्या कानाशी बसलास आणि निकालाचा शेवटचा कागद वाचायला लागलास. प्रत्येक भागाच्या आरंभी, स्वल्पविराम, मूळ कादंबरीचे व लेखकाचे नाव, स्वल्पविराम, सुवाच्य अक्षरांत, स्वल्पविराम, दाखवण्यात यावे, पूर्णविराम. तिच्याच सुरात वाचलंस. शेजारच्या खाटेवरच्या बाई आपल्याकडे बघत राहिल्या. ही हसली, आणि तू ‘सुवाच्य’मधला ‘सु’ ओढलास म्हणून तिने तुझी चूक काढली. शेवटच्या महिन्यात ती तेवढीच हसली. मी हे विसरणार नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो, कारण तुझी चिठ्ठी समोर आहे आणि तिचं उत्तर दिल्याशिवाय पान उलटता येत नाही. मला डुलकी लागली नव्हती. कोर्टात ‘असेल’ म्हणालो, तेवढ्या एका शब्दावर मी स्वतःची समजूत घालत आलो. आम्ही ते पान दुपारी वाचलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ‘मालवला’ अगदी स्वच्छ होतं. पण तिने वाचलं, दिवा मावळला होता, पूर्णविराम. तिचा आवाज मी कधी चुकलेला ऐकला नव्हता. मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, कानावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. पुस्तक आल्यावर हस्तलिखित काढून पाहिलं तेव्हा उमगलं. तिला बोललो नाही. आपण कधी चुकत नाही याचा तिला अभिमान होता, आणि तो खरा होता. कोर्टात खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला उभं केलं असतं, तशा तब्येतीत, आणि तो हशा तिच्या वाट्याला आला असता. मला वाटायचं तिला हे ठाऊकच नाही.

त्या दिवशी तू निकाल वाचून गेलास. थोड्या वेळाने ती म्हणाली, अहो, तुम्हाला दुपारी झोप लागते का हो कधी? मी म्हणालो, नाही. मग डुलकी कुणाची? मी तिचं पांघरूण सारखं केलं. ती म्हणाली, मी अडखळले नव्हते. मालवला असं लिहिलेलं मला दिसत होतं. पण आईला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मालवला म्हटलं की कुणीतरी फुंकर मारल्यासारखं वाटतं. तोंडातून निघेचना. मावळलेलं निदान उगवतं तरी. तुम्ही हटकाल असं वाटलं होतं, तुम्ही तर लिहूनच टाकलंत. मग म्हणाली, भावजींना सांगा. पण मी असताना नको, त्यांच्या पुस्तकात हात घातला म्हणून मला लाज वाटेल. नंतर सांगा. मालिकेसमोर बसून ती ‘हे आपलं आहे’ म्हणाली होती, त्याचा अर्थ मला इतक्या उशिरा लागला.

म्हणून हे पत्र, मास्तर. तिने सांगितलेलं काम मी तीन महिने लांबवलं, आणि तुझी चिठ्ठी आली नसती तर अजून लांबवलं असतं. तू माझ्यावरचं हसणं पुसायला निघाला आहेस, त्यात तुझी माया आहे, ती मला पोचली. लोक हसतात त्याची मला सवय झाली आहे, कधी कधी मीही हसतो. तिने आयुष्यभर लोकांची पुस्तकं वाचून दाखवली, तिचं म्हणून छापलेलं कुठे काही नाही. हा एक शब्द आहे. आमच्या धंद्यात खोडलेलं परत ठेवायचं असलं की त्या शब्दाखाली टिंबं देतात आणि समासात ‘राहू द्या’ लिहितात. मी ‘मावळला’खाली टिंबं दिली आहेत, निळ्या पेन्सिलीने. पुस्तक तुझं आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुझा. तुला नको असेल तर तू तुझ्या हाताने खोड, मी एका अक्षराने काही म्हणणार नाही. फक्त ते माझ्या हाताला सांगू नकोस. तू तिच्यासाठी स्वल्पविराम वाचलेस, तसाच हा पूर्णविरामही एकदा मोठ्याने वाचून बघ, आणि मग ठरव.

तुझाच,
काना