बाया दवाखान्यातून का जातात

कोल्हापूर,
ता. ८ जानेवारी १९७८

ती. दादास,
पद्मजाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात परवा विठाबाई नावाची बाई वारली. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तान्हं घेऊन ती घरी निघून गेली होती. परत आणली ती तापानं फणफणलेली. शेवटपर्यंत माझा हात धरून होती. बाळ आजीकडं आहे.

अशा न सांगता जाणाऱ्या बाया आमच्याकडं पुष्कळ. मार्चमध्ये राजारामपुरीत परिचारिकांचं संमेलन आहे. त्यात आमच्या दवाखान्यातर्फे याच विषयावर पाहणी करून निबंध वाचायचं काम मेट्रनबाईंनी मला दिलंय. मोठ्या डॉक्टरांनी उत्तर आधीच सांगून टाकलं. म्हणाले, की अडाणीपणा, सासूचा हट्ट आणि पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या पायावर मूल घालायची घाई, एवढंच लिहा.

मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगता येत नाही. जेवायला बसले तरी अर्ध्यावरून उठते. निघून गेलेल्या बायांना त्यांच्या गावी जाऊन विचारायचं ठरवलंय. ज्या शेवटपर्यंत राहिल्या, त्यांनाही तेच प्रश्न विचारणार. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जाईन.

वहिनीला सांग, लसणाची चटणी संपली. तुझ्या लेकीला, आक्काताईला, गोड पापा.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
पद्मा


गडहिंग्लज,
ता. १७ जानेवारी १९७८

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचले. विठाबाईचे वाचून तुझ्या वहिनीने त्या दिवशी चूल उशिरा पेटवली. लहानपणी कोंबडी अंड्यावर का बसते हे विचारून तू आईला भंडावून सोडायचीस. आता सरकार तुला त्याचाच पगार देते म्हणायचे!

मात्र एक ध्यानात ठेव. जूनमध्ये तू नोकरीत कायम व्हायची आहेस. आपल्या भावकीत नर्स झालेली तू पहिली. तेव्हा वरिष्ठांशी वाद नको. पाहणी करायचीच तर मास्तरकीतला एक सल्ला देतो. उत्तर आत दडवून प्रश्न विचारू नये, पोरे माना डोलावतात आणि आपण फसतो.

चटणी एसटीच्या कंडक्टरकडे दिली आहे, स्टँडवर जाऊन घे. प्रकृतीस जप.

तुझा,
अंबादास


कोल्हापूर,
ता. २० फेब्रुवारी १९७८

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझा सल्ला खरा निघाला. नवस होता का, सासू बोलली का, सुईची भीती वाटली का, असं मी विचारत होते आणि बाया सगळ्यालाच व्हय म्हणत होत्या. चार गावं पालथी घातली, हाताला काही लागेना. रात्री पाठ टेकली की त्यांच्या माना डोलताना दिसायच्या.

मग जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कागलच्या बाजूला चिमणाबाईकडं गेले. तीही अशीच निघून गेलेली. तिच्याकडं दोनदा चहा झाला, परतीच्या गाडीला वेळ होता, आणि मला जायची गरज लागली. संकोचत तिला सांगितलं. ती मला उसात घेऊन गेली आणि पाठ करून राखणीला उभी राहिली. तिथूनच मोठ्यानं म्हणाली, की बाई, आमच्यात निदान ऊस तरी हाय, तुमच्या दवाखान्यात काय हाय?

दादा, मी तिथंच थिजले. आमच्या वॉर्डाचा संडास अंगणापलीकडं आहे. पुरुषांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यावरून जावं लागतं, तिथं दिवसभर माणसं बसलेली. दाराला कडी नाही, संध्याकाळनंतर दिवा नाही. ओली बाळंतीण, लुगडं सावरत, त्या सगळ्यांच्या नजरेखालून जाणार. चिमणाबाई म्हणाली, की जायाला नको म्हणून दोन दिस पाणीच प्याले न्हाय, दूध आटलं, पोर रडून रडून निळं पडाय लागलं, मग निघाले की.

पुन्हा सगळ्यांकडं गेले. या वेळी फक्त दवाखान्यात संडासला कसं जात होतीस, एवढंच विचारलं. बहुतेकींचं तेच. ज्या राहिल्या, त्याही नुसत्या चहावर राहिल्या होत्या. विठाबाईच्या सासूनं तर पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडं बघेचना.

मी त्या वॉर्डात दोन वर्षं काम करते. आमचा नर्सेसचा संडास वेगळा आहे, त्याला कडी आहे.

कळावे. लोभात अंतर नको.
तुझी,
पद्मा


गडहिंग्लज,
ता. २६ फेब्रुवारी १९७८

चि. पद्मजास,
आशीर्वाद व जयभीम.

तुझे पत्र मी तुझ्या वहिनीला अर्धेच वाचून दाखवले. तू खरे शोधलेस यात शंका नाही. पण पद्मा, ते भर सभेत बोलायलाच हवे का? आपल्या आईबापांनी गावकीची कामे सोडली तेव्हा गावाने त्यांना काय काय ऐकवले, ते तुला ठाऊक आहे. आता तसल्याच लोकांपुढे आपल्या घरची शिकलेली पोर संडासाचा विषय घेऊन उभी राहणार! ते विषय विसरतील, तुझे आडनाव तेवढे ध्यानात ठेवतील.

मेट्रनबाईंना एकांतात सांग. निबंधात गैरसोय एवढा शब्द पुरे. रागाने लिहीत नाही, काळजीने लिहितो आहे. मलाही हल्ली झोप नाही.

तुझा,
अंबादास


कोल्हापूर,
ता. २१ मार्च १९७८

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आधी ते सांगते, म्हणजे पुढचं वाचताना छाती धडधडायची नाही.

मोठ्या डॉक्टरांनी निबंधातला तो भाग लाल पेन्सिलीनं खोडला. म्हणाले, की तुम्हाला बरं नेमकं हेच दिसतं! त्यातलं तुम्हाला म्हणजे कुणाला, ते मला कळलं. मेट्रनबाई शेजारी होत्या, खाली बघत राहिल्या.

सभेत वाचत गेले आणि खोडलेल्या जागी आले. गैरसोय हा तुझा शब्द ओठांवर आला होता, खोटं कशाला बोलू. पण विठाबाईचा गरम हात आठवला. कागद खाली ठेवला आणि होतं तसं तोंडानं सांगितलं. संडास म्हणाले, कडी म्हणाले, चिमणाबाईचा ऊससुद्धा सांगितला. मागं कुणी तरी खुसकन हसलं. तेवढ्यात बायडाबाई नावाच्या एक वयस्क नर्स उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, की हसता काय, आमच्याकडंबी असंच हाय. त्यांच्यामागून आणखी उठल्या.

मेट्रनबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना त्या व्हरांड्यावरून चालवत नेलं आणि म्हणाल्या, की साहेब, एकदा आत जाऊन या, मी बाहेर उभी राहते. डॉक्टर तसेच मागं फिरले. आता वॉर्डाला लागून नव्या संडासाची भिंत उठतेय.

माझी बदली हाडांच्या वॉर्डात झाली. कायम करायचं पुढं ढकललंय. किती पुढं, ते सांगत नाहीत. दिवसभर प्लास्टर भिजवते आणि कान बाळंतिणींच्या वॉर्डाकडं असतात. तू रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
पद्मा


गडहिंग्लज,
ता. ११ एप्रिल १९७८

पद्मावन्संस्नी,
मीनाबाईचा जयभीम.

तुमचे दादा लिवत न्हाईत म्हणून मी लिवते. सातवी शिकल्याली हाय, अक्षराला हसू नका. राग न्हाय त्यांच्या मनात. तुमचं पत्र वाचलं आणि ते घरात येरझाऱ्या घालाय लागले. मग आक्काताईला जवळ घेऊन विचारलं, की शाळंत पाणी पितीस का गं? पोर म्हणाली, न्हाय. का, तर म्हणाली, मुलींनी जायाचं कुठं? पोरगी त्यांच्याच शाळंत, त्यांच्याच डोळ्यांम्होरं. त्यांना घास गिळंना.

हेडमास्तर म्हणाले, पैसा न्हाय. मग ह्यांनी रविवारी स्वतःच कुदळ घेतली आणि शाळंमागं खड्डा खणाय लागले. पारावरचं एक म्हातारं वरडलं, की मास्तर, शिकून शेवटी हेच काम काय? मी घाबरले, आता भांडण हुतंय. तर हे घाम पुसून म्हणाले, की व्हय आजोबा, तुमची नात चौथीत हाय न्हवं, तिच्यासाठीच खणतोय. म्हातारं उठून गेलं. दुसऱ्या रविवारी त्याचा ल्योक माती उचलायची पाटी घेऊन आला.

कुडाच्या भिंती उभ्या केल्या, तर परवाच्या वळवानं एक आडवी झाली. येत्या रविवारी परत बांधायची हाय. माणसं कमी पडत्यात. तुमास्नी रजा मिळंल तर शनिवारच्या गाडीनं या. हे बोलणार न्हाईत, पर एसटीचा आवाज आला की दारात जाऊन उभं ऱ्हात्यात.

माया पातळ करू नका.
तुमची वहिनी,
मीनाबाई