आधार कार्ड हरवल्याची तक्रार

अण्णा, काल मी तुमच्या पोलीस स्टेशनला गेले होते. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच, नऊ वर्षांनी. आधार कार्ड हरवलं म्हणून तक्रार द्यायला. मी आता एका दुकानात साड्यांना फॉल लावते. शाळा नववीतच सोडली. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की घसाच बंद व्हायचा, अजून होतो.

तुमच्या टेबलावर आता स्क्रीन आहे. माणसं कमी पडतात म्हणून आणलाय. आपण बोलायचं, तो ऐकून कन्नडमध्ये तक्रार लिहितो, हवालदार वाचून सही करतात. ते मला म्हणाले, "बोल अम्मा. तो लाजत नाही, तू पण नको लाजू." मी मराठीत बोलले, तरी त्याला कळलं. ते काही मला आवडलं नाही. मराठी माणूस आला की सगळे तुम्हालाच हाक मारायचे ना. आईबरोबर डबा द्यायला यायचे तेव्हा बाकावर बसून बघायचे मी. तुम्ही पेनाला टोपण लावून म्हणायचात, "आधी पाणी प्या. सगळं सांगा, मग लिहितो." आणि मधेमधे, "मुंदे? मग पुढे?" त्या सगळ्यांना विचारायचात. घरी मात्र बूट काढता काढता झोप. तिघांचं काम एकटे करायचात.

एकदा फक्त मला विचारलंत. मी सात वर्षांची. तुम्ही स्वयंपाकघरात युनिफॉर्मवरच जेवताय, मी म्हणते, "अण्णा, माझी रंगपेटी चोरली." तुम्ही घास खाली ठेवता. "मुंदे?" मी बोलतच सुटते. कोणी चोरली, कशी चोरली, सगळं. तेवढ्यात आई तांदळाच्या डब्यातून रंगपेटी काढते. "खोटी तक्रार देणारा लाइनीतल्या मागच्या माणसाची पाळी चोरतो," एवढंच म्हणून तुम्ही उठलात. ताटात भात तसाच.

काल सहाला स्वल्प कमी असताना हवालदारांचा फोन वाजला. त्यांची मुलगी. "बंदे कणम्मा, निघालोच," म्हणाले आणि टोपी उचलली. त्या मुलीला मी बघितलेलंसुद्धा नाही, तरी तिचा एवढा राग आला मला! तो स्क्रीन तेव्हा असता तर तुम्ही पण सहाला निघाला असतात. माझ्या वेळेला नाही आला मेला.

स्क्रीनने विचारलं, "अजून काही सांगायचंय?" मी कार्डाचं सोडून भलतंच बोलत बसले. डब्याचं, रंगपेटीचं, तुमचं. घसा बंद झाला नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर फक्त कार्डाचं लिहिलं. हवालदारांनी उभ्या उभ्या सही केली.

हे पत्र दोऱ्यांच्या डब्यात ठेवतेय. रागवू नका अण्णा. माझ्या मागे लाइनीत कोणी नव्हतं, मी दोनदा वळून बघितलं. येताना बसमध्ये कंडक्टरने विचारलं, तेव्हा पर्समधून आधार कार्ड काढून दाखवलं आणि बायकांचं फुकटचं तिकीट घेतलं.