प्रसादाला कुलूप

१२ नोव्हेंबर १९३८

पेढा खाल्ला. एकच! — नाही, खोटं कशाला लिहू, दोन. तिसरा हातात होता तेवढ्यात सून द्वारका पाणी घेऊन आली, म्हणून गुपचूप परत ठेवला.

गावाचा पोलीस पाटील मी. दुसऱ्यांच्या चोऱ्या चावडीत लिहितो, आपली कुठं लिहायची? म्हणून ही वही.

दसऱ्याला उजव्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. महिना झाला, जखम भरत नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, "पाटील, साखर आहे तुम्हाला. गोड बंद. तीन महिने देतो. साखर उतरली तर पाय वाचेल. नाही तर—" आणि माझ्या नडगीवर आडवा हात फिरवला. करवतीसारखा. तो हात डोळ्यांपुढून हलत नाही.

"घरात गोड ठेवूच नका," म्हणाले. त्यांना काय सांगू? राजुरात गणपतीच्या वाटेवर माझं घर! चतुर्थीला दर्शनाला आलेला प्रत्येक पाहुणा माझ्या ओसरीवर टेकतो आणि जाताना पेढ्यांचा द्रोण ठेवून जातो. बाप्पाचा प्रसाद. नको म्हणता येत नाही, टाकता येत नाही. कालच्या चतुर्थीचे जाळीच्या कपाटात तीस तरी असतील. अठ्ठावीस.

१५ नोव्हेंबर

चोर ओळखीचा असला की बंदोबस्त सोपा. चोर मीच.

लेक धर्मराज जालन्यात कापसाच्या जिनिंगला कामाला आहे. त्याच्याकडून मुंबईचं नंबरी कुलूप मागवलं. किल्लीच नाही! तीन चाकं, चाकांवर आकडे, आकडा जुळला की उघडतं. आकडा मला कळायला नको. द्वारका वाटूरच्या शाळेत चार बुकं शिकली आहे, तिलाच लावायला सांगितला. तो तिनं कुणाला सांगायचा नाही, मला तर बिलकुल नाही. प्रसाद वाटायचा तेव्हा तिनंच उघडायचं.

धर्माची आई कपाळाला हात लावून बसली. "बाप्पाच्या परसादाला कुलूप? असं कुनी केल्तं का आजवर? कामून पाय बरा होईल मंग?"

मी म्हणालो, गोजरबाई, पाय औषधानं बरा होतो. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त शंका येते.

१९ नोव्हेंबर

दुपारी घरात कुणी नव्हतं. ९९९ पासून उलटं सुरू केलं. ७६० पर्यंत आलो तोच ही दारात! म्हणालो, कुलूप मजबूत आहे का ते बघून राह्यलो. "बघा बघा," म्हणाली. हसत होती. घाम फुटला मला.

२४ नोव्हेंबर

कडूबा सुताराला बोलावलं. कपाटाच्या दाराला आतून घंटी बसवून दे म्हटलं. त्यानं बैलाच्या गळ्यातली छोटी घंटी स्प्रिंगवर अशी टांगली की दार बोटभर हललं तरी ओसरीपर्यंत ऐकू यावं.

"पाटील, चोर कोन हाय?"

"मीच."

"मंग घंटीचा खर्चा कामून? मपल्याला सांगा, म्या बसतो राखणीला. पेढ्यावर."

चावट मेला! त्याला गुळाचा चहा पाजून वाटेला लावला. तो पीत होता तेव्हा मी नुसता बघत बसलो.

३ डिसेंबर

हिरवी!! डॉक्टरांनी काचेची नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा दिला आहे. औषधात लघवीचे आठ थेंब घालून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी, पिवळं म्हणजे बरी, विटेसारखं लाल म्हणजे संपलंच. पहिल्या दिवशी लाल होतं. आज हिरवं. नळी धर्माच्या आईला दाखवली. तिनं तोंड फिरवलं. "तसलं काय दाखवता!"

अंगठ्याचा पूही कमी आहे. यंत्रं माणसापेक्षा इमानी, हे मात्र खरं.

१३ डिसेंबर

परवा चतुर्थी झाली, कपाट पुन्हा भरलं. मी हात लावला नाही. जवळही गेलो नाही.

एक नवल लिहायचं आहे. दिवेलागणीला पेलाभर दूध घेतो, तेवढं डॉक्टरांनी चालू ठेवलंय. ते दूध आता गोड लागतं! बिनसाखरेचं! डॉक्टर म्हणालेच होते, गोड सुटलं की जीभ सुधारते, साधं दूधसुद्धा गोड वाटायला लागतं. हिला सांगितलं. म्हणाली, "म्हस नवी याल्ली हाय, दूध ग्वाडच लागनार." दोन्ही असेल. पण जिभेचा विजय मोठा. पन्नाशीत जीभ जिंकली म्हणजे खेळ नाही.

१६ डिसेंबर

नळी पिवळी. औषध शिळं झालं असावं.

१९ डिसेंबर

लाल. वीट! नवी बाटली फोडून पाहिली, तरी लाल.

मी काही खाल्लं नाही. देवाशपथ नाही. झोपेत खातो म्हणावं तर कुलुपाचा आकडा मला ठाऊक नाही.

जाळीतून पेढे मोजले. चोवीस.

२१ डिसेंबर

वीस. दोन दिवसांत चार कमी. पाहुणा कुणी आला नाही, वाटले नाहीत. घंटी वाजली नाही. घरात चोर आहे. आणि या वेळेला तो मी नाही!

२२ डिसेंबर

पंचनामा केला. जाळीतून तार घालून घंटी हलवली — आवाज नाही. पुन्हा हलवली, नुसती ठक्. द्वारकेला उघडायला लावलं, पाठ करून उभा राहिलो आणि मग पाहिलं. घंटीत कापूस कोंबलेला. साधा कापूस नाही, वळलेली फुलवात. देवापुढची.

फुलवाती घरात कोण वळतं? दुपारभर द्वारका वळते. कुलुपाचा आकडा कुणाला ठाऊक? द्वारकेला. दिवाळीला माहेरी धाडलं नाही म्हणून फुगून कोण बसलं होतं? मला चोर शोधायला कधी आठ दिवस लागले नाहीत.

पण मग माझी नळी लाल का? पेढे ती खाते आणि साखर मला चढते? हे कोडं सुटत नव्हतं. आत्ता लिहिता लिहिता सुटलं — ती खात नसेल. माझ्या आमटीत घालत असेल.

२३ डिसेंबर

आजपासून धर्माच्या आईच्या हातचंच खायचं. भाकरी, आमटी, दूध, पाणीसुद्धा. बत्तीस वर्षांचा भरवसा आहे. हिला कारण सांगितलं नाही, नुसतं म्हणालो, सुनेच्या हातचं पचत नाही. हिनं मान डोलावली. बरं वाटल्यासारखी दिसली.

२ जानेवारी १९३९

लाल. अंगठा काळा पडलाय. चालताना काही दुखत नाही, याचीच भीती वाटते.

८ जानेवारी

लाल. म्हणजे हिची पाठ फिरली की द्वारका पातेल्यात टाकते. चुलीपाशी खुर्ची टाकून बसावं असं मनात आलं. पण सासऱ्यानं चुलीपाशी बसायचं? गाव हसेल.

१५ जानेवारी

काल संक्रांत. सगळं गाव तिळगूळ घेऊन आलं, मी कपाळाला लावून परत दिला. वाईट दिसतं, पण दिला.

आज द्वारकेला समोर उभं केलं. पदर डोक्यावरून पार खाली, नजर जमिनीला.

"कुलूप तू उघडतेस?"

"व्हय."

"पेढे तू घेतेस?"

"म्या न्हाई खाल्ले, मामंजी."

"मंग कुनी?"

गप्प! दहा वेळा विचारलं. दरडावलं. चावडीत एवढं दरडावलं की गुन्हेगार पाणी मागतो. तिनं एकदा सासूकडं पाहिलं आणि पुन्हा खाली. मीच म्हणालो, "माझा पाय चाललाय, पोरी! तुला कळतं का?" तेव्हा तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं.

खरी असती तर बोलली असती. उद्या वाटूरला माहेरी पाठवणी. धर्मराज आला आहे, त्याचं तोंड एवढंसं झालंय. धर्माची आई पदरात तोंड घालून रडत होती. शेवटी म्हणाली, "म्या बी जाते संगं. लेकराला अशी टाकून येऊ का?" जा म्हणालो. पाच दिवसांनी ये.

आकडा मी विचारला नाही. राहू दे कपाट बंद.

१७ जानेवारी

घर रिकामं. शेजारची आसराबाई भाकरी देते, दूध मीच तापवतो. दूध फिकं! म्हशीचा चारा बदलला की काय?

२० जानेवारी

नळी पिवळी. उतरली! चोर घराबाहेर गेला आणि साखर उतरली. यापेक्षा बराबर सबूत कुठला?

दूध फिकंच.

२१ जानेवारी

हिरवी. ही संध्याकाळी परत आली. द्वारका कशी आहे ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दूध प्यालो.

गोड.

२४ जानेवारी

पिवळी. रोज संध्याकाळी दूध गोड.

आज आपल्या हातानं म्हैस पिळली, पेलाभर तापवलं, चाखलं. फिकं. त्याच चरवीतलं दूध दिवेलागणीला हिच्या हातून आलं — गोड.

लिहायला हात उठत नाही. बत्तीस वर्षं. हिचं मी काय वाईट केलं? पाटीलकीच्या वतनाचा लोभ म्हणावा तर लेक एकच. माझा कंटाळा? बोलून टाकायचं होतं ना! आज पेला तोंडाशी लावला आणि ती काय बघत होती, तर माझा घोट. शेवटचा घोट उतरेपर्यंत बघत होती. मी रोज म्हणायचो, मायेनं बघते.

२६ जानेवारी

पाहिलं.

दिवेलागणीला चावडीत जातो म्हणून निघालो आणि गोठ्यातून मागं आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. ही चुलीपाशी होती. कनवटीतून पुडी काढली. देवळातले ताजे पेढे, दोन. कपाट बंद म्हणून आता देवळातून आणते. दोन्ही पेढे कपाळाला लावले, दुधात कुस्करले आणि विरघळेपर्यंत पळीनं हलवत राहिली. मी खिडकीतून ओरडणार होतो. तेवढ्यात ती बोलायला लागली. माझ्याशी नाही.

"बाप्पा, ह्यांनी तुमच्या परसादाला कुलूप लावलं. चुकलं त्यांचं. म्हनून पाय चिघळला. पन म्या येक दीस बी खाडा करू देऊन न्हाई राह्यले, वाटूरला गेल्ते तेवढेच पाच. ते पदरात घ्या. रोज दोन पेढे त्यांच्या पोटात जातेत. अंगारकीपातूर पाय बरा करा. सुनेनं मपल्यासाठी आळ अंगावर घेतला हो, तिला शपथ घातल्ती म्या. नवस सांगितला की फळत न्हाई. त्या लेकराचं बी भलं करा."

मग पुढच्या दारानं घरात आलो. तिनं पेला हातात दिला.

काय करू? सांगू? तिला कळलं की रोज संध्याकाळी ती माझा पाय आपल्या हातानं तोडत होती, तर ती विहीर जवळ करील. ओतून देऊ? प्रसाद आहे. आत्ता पीत नाही, चावडीत नेतो म्हणालो. गोठ्यात नेऊन गायीला पाजला. गायीनं पेला चाटून पुसून दिला.

७ फेब्रुवारी

अंगारकी. बारा दिवस चावडीचं नाव सांगून पेला गायीला. नळी आज निळी, पहिल्यांदा. पण पाऊल घोट्यापर्यंत काळं झालंय.

ही पहाटेपासून देवळात. आली ती पायाकडंच पाहत आली. पट्टी सोडली, पाहिलं, पुन्हा बांधली.

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, साखर आता छान आहे, हे दोन महिने आधी का नाही झालं? मी म्हणालो, माझाच दोष.

उद्या.

२६ फेब्रुवारी

पाय गुडघ्याखालून गेला. घरी आलो. वाटूरला धर्मराजला धाडून द्वारकेला आणवलं. सगळ्यांना ओसरीवर बसवलं — धर्मराज, द्वारका, कडूबा, आसराबाई. म्हणालो, "चोर मी होतो. कुलुपाचा आकडा मला सापडला होता. घंटीत फुलवात मीच कोंबली. पेढे मी खात होतो आणि आळ या पोरीवर घेतला." द्वारकेनं चटकन पदर वर केला, पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी हळूच 'नको' अशी मान हलवली. तिनं पदर पुन्हा खाली ओढला.

गोजरबाई खांबाला टेकून बसली होती. कधीपासून स्वतःलाच विचारत होती, "येवढं केलं, कुटं चुकलं?" आता तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "म्हंजी तुमी चोरून खाल्ले! म्हनूनच!" बराच वेळ रडली. मग उठून आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या आता. म्या माफ केलं तुमाला."