बाबांचा अर्ज, माझी सही

५ जाने., रवि.
सोसायटीची मीटिंग. डोकं फिरलंय. बाबांचा अर्ज सेक्रेटरींनी माईकवर वाचला. जसाच्या तसा, बाबांच्या उच्चारांची नक्कल करत. चाळीस माणसं हसली. अर्जात एवढंच होतं: पाण्याची नवी टाकी मागच्या भिंतीपाशी खणू नका, तिथे आमची जुनी विहीर बुजवलेली आहे, माती खचेल, खाली उतरलेला मजूर गाडला जाईल. विहिरीबद्दल एकानेही विचारलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "आधी शुद्ध लिहायला शिका, मग आम्हाला इंजिनिअरिंग शिकवा." बाबा पण हसले. त्याचाच जास्त राग आला.

७ जाने.
अर्ज परत आला. लाल पेनाने तपासून! ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन आमची होती. बाबांनी इथे तीस वर्षं भात लावला, त्या विहिरीचं पाणी स्वतः ओढलं. आणि हे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर होऊन चार वर्षांपूर्वी डोंबिवलीत आलेले, यांना... जाऊ दे. सोमवारपासून खोदकाम.

८ जाने.
ठाण्यात, खोपटच्या ऑफिसात होते, तेव्हा बाबांचा फोन. कॉन्ट्रॅक्टरला सांगायला गेलेले, त्याने हाकलून दिलं. हे सगळं मी जिन्यात उभी राहून ऐकलं. बाबांशी घरच्या बोलीत बोलते ना, ते बाजूच्या टेबलांना कळू नये म्हणून अकरा वर्षं फोन घेऊन जिन्यात जाते. आज स्वतःचीच शरम वाटली. हसणाऱ्या चाळीस जणांत मी एक्केचाळिसावी.

१० जाने., शुक्र.
अर्ज मी नव्याने लिहिला. छापील मराठी, 'सविनय', 'निदर्शनास आणू इच्छिते', सगळं. टाईप केला. माहिती तीच, कणभर जास्त नाही. सहीला बाबांकडे नेला तर म्हणाले, "तूच कर सही. माज्या सहीवर परत हसतील." केली. सोमवार तोंडावर आलेला, वाद घालायला वेळ नव्हता. तरी करायला नको होती.

१२ जाने., रवि.
कमिटीत अर्ज दहा मिनिटांत मंजूर. उद्याचं खोदकाम थांबवलं. सेक्रेटरी म्हणे, किती मुद्देसूद, शिकलेल्या माणसाचा फरक लगेच कळतो. मी सांगितलं, हे बाबांचंच आहे. "हो हो, घरचे संस्कार असतातच." कानाखाली द्यावीशी वाटली.

१७ जाने.
सोसायटीने बोलावलेल्या इंजिनिअरने जेसीबी लावून थोडं उकरून पाहिलं. चार फुटांवर विहिरीचं दगडी बांधकाम, आत नुसता राडारोडा. म्हणाला, माणसं उतरली असती तर जिवंत निघाली नसती. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा मागे उभे होते. त्यांना कोणी एक शब्द विचारला नाही.

२५ जाने., शनि.
उद्या झेंडावंदनानंतर माझा सत्कार. शाल, नारळ आणि दोन शब्द बोलायचे. नोटीसबोर्डवर 'अभ्यासू सभासद' म्हणून माझं नाव लावलंय. फ्लॅट बाबांच्या नावावर, सभासद ते, आणि अभ्यासू पण तेच!

ठरवलं, माईकवर सगळं खरं सांगायचं आणि घरच्याच बोलीत सांगायचं. संध्याकाळी बाबांना बोलले. उद्यासाठी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. इस्त्री बाजूला उभी केली.

"माजा नाव नको घेव. लोका तुज्यावं पन हसतील."

हसू देत, असं म्हणायचं होतं. कॉलर राहिलीय, एवढंच म्हटलं. ते परत कॉलरला लागले.

भाषणाचा कागद अजून कोरा आहे.